दुसऱ्याच्या मापाचा अँटेना

दिघीच्या चढावर आम्ही घर बांधलं तेव्हा माझा सगळा जीव गच्चीवर होता. खाली दोन खोल्या, वर मोकळी गच्ची, पलीकडे माळ. कुरडया, सांडगे, गाद्या, काय काय तिथे वाळवायचं ते मी पायाभरणीलाच ठरवून ठेवलं होतं. आमच्या ह्यांचाही जीव गच्चीवरच होता. पहिल्या दिवशी वर जाऊन चारी दिशांना बघून आले आणि म्हणाले, ''इथून चाकणच्या बाजूला सगळं मोकळं आहे.'' मला वाटलं, माणसाला वारा आवडला. वारा कसला आवडतोय. त्यांना तिथे खांब दिसत होता.

हे कंपनीत टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवतात तिथे होते आणि घरी हौशी रेडिओवाले होते. म्हणजे गाणी ऐकण्याचा रेडिओ नव्हे. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि मग घरी बनवलेल्या वायरलेसवरून लांबलांबच्या अनोळखी माणसांशी बोलायचं. आणि बोलायचं काय, तर ''तुमचा आवाज कसा येतोय? माझा कसा येतोय?'' एवढंच. मी एकदा म्हटलं, अहो, शेजारच्यांशी तुम्ही महिन्यात एक वाक्य बोलत नाही आणि ह्या सिलोनच्या माणसाला तीनतीनदा काय विचारताय? तर म्हणे, ''शेजारी जवळ आहेत ना, त्यात काय मजा.''

पुण्याला टीव्ही येऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणजे ऐंशीच्या आसपासचीच गोष्ट असणार. ह्यांच्या टूलरूममधले एक मित्र, मी त्यांना भाऊजी म्हणायची, आकुर्डीजवळ स्कूटरवरून पडले आणि त्यांचं कमरेखालचं अंग गेलं. लग्न व्हायचं होतं. नोकरी सुटली, खोली सोडली आणि चाकणच्या पुढच्या एका वाडीत आईजवळ जाऊन पडले. वाडी टेकडीच्या मागच्या खळग्यात. फोन नाही, रस्ता धड नाही. ह्यांनी त्यांना पुस्तकं नेऊन दिली, परीक्षेच्या वेळी चौघांनी त्यांना खाटेसकट जीपमध्ये घालून नेलं आणि भाऊजी पास झाले. पडल्यापडल्या एक लहानसा सेटही त्यांनी बनवला. पण सेट चिमणीएवढा आणि समोर टेकडी. त्यांचा आवाज वाडीच्या बांधापलीकडे जाईना. पास झालेला माणूस खोलीत एकटाच बडबडतोय, असं झालं.

म्हणून हे आणि ह्यांचे कंपनीतले रेडिओवाले मित्र रिपीटर बांधायला निघाले. रिपीटर म्हणजे काय, ते मला ह्यांनी कागदावर चौकोन काढून समजावलं होतं आणि मला काही कळलं नव्हतं. नंतर मीच समजून घेतलं. गावातला दवंडी देणारा असतो ना, तसं. एकाने त्याच्या कानात हळू सांगायचं आणि त्याने उंचावर उभं राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायचं. भाऊजींचा बारीक आवाज आमच्या गच्चीवरच्या यंत्राने टिपायचा आणि त्याच क्षणी मोठा करून पिंपरी, चिंचवड, पार पुण्यापर्यंत फेकायचा. दवंडीवाल्याला तिखट कान हवा आणि दणदणीत गळा हवा. वायरलेसमध्ये ही दोन्ही कामं अँटेनाची.

आता चांगला अँटेना आणायचा कुठून? तर भोसरीच्या भंगारवाल्याकडे एका कंपनीची मोडीत काढलेली वायरलेस आली होती, त्यात मोठा अँटेना होता. उंच नळी आणि तिला एकाखाली एक अशा चार लांबट कड्या. हे रविवारी सकाळी तो टेम्पोत घालून घेऊन आले. चेहरा असा, की जणू मुलगी बघून पसंत करून आलेत.

''कंपनीचा माल आहे,'' मला सांगतात. ''आपल्याला असा बनवायला वर्ष गेलं असतं.''

मी विचारलं, ''कंपनीचा आहे तर तो तुमच्या कामाला चालतो का?''

''थोडा फरक आहे. चालून जाईल.''

हे 'चालून जाईल' मी आयुष्यभर ऐकलं आहे. टूलरूमला केसाच्या जाडीइतका फरक पडला तर तुकडा फेकून देणारा माणूस घरी आला की त्याला सगळं चालून जातं.

फरक कसला होता ते सांगते. कंपन्या, पोलीस वगैरे ज्या लहरींवर बोलतात त्या वेगळ्या, आणि ह्या हौशी लोकांना सरकारने दिलेल्या वेगळ्या. कंपन्यांची लहर जरा आखूड, ह्यांची जरा लांब. आणि अँटेना लहरीच्या मापाचा असावा लागतो. हा तर धंदेवाल्यांच्या मापाने शिवलेला होता. दुसऱ्याचं पोलकं आपल्या दंडात अडकतं तसं. घालता येतं, पण हात वर झाला की उसवतं.

तसंच झालं. खांब उभा राहिला तेव्हा माझ्या गच्चीच्या बरोबर मध्ये. त्याला तीन बाजूंनी ताणाच्या तारा, त्या तीन कोपऱ्यांना. म्हणजे गच्चीवर चालायचं तर वाकून. जिन्याच्या वरच्या खोलीत यंत्र ठेवलं, तिथल्या माझ्या पापडाच्या बरण्या खाली आल्या. वरच्या दोन कड्या ऐकायला, खालच्या दोन बोलायला. संध्याकाळी चालू केलं. किती पाठवलं आणि त्यातलं किती माघारी आलं ते दाखवणारा एक काटा असतो. तो काटा बघून ह्यांचा चेहरा पडला. पाठवलेल्यातलं बरंचसं अँटेना घेतच नव्हता, तारेतून परत घरी पाठवत होता. हे म्हणाले, ''चालून जाईल,'' आणि वासाने मला कळलं की काहीतरी जळलं. यंत्राचा बोलायचा भाग गेला होता.

त्याच वेळी समोरच्या काकू त्यांच्या गच्चीवरून, ''वहिनी, आमच्या सिनेमाला मुंग्या आल्या बघा.'' टीव्हीवर रविवारचा सिनेमा म्हणजे त्या काळी केवढं. यंत्र बंद पडलं होतं तरी मुंग्या आमच्याच. नंतर कितीतरी दिवस त्यांचा दिवा लुकलुकला तरी त्या आधी आमच्या खांबाकडे बघायच्या.

भाऊजींची आई एकादशीला आळंदीला यायची, आणि दर्शन झालं की दिघीला आमच्याकडे. पदरात कांदे, बटाटे, काहीतरी बांधलेलं. आत येऊन टेकायची, पाणी प्यायची आणि विचारायची, ''बाई, कवा व्हायचं ते?''

काय सांगू मी तिला?

''झालंय जवळजवळ, मावशी.''

''मागल्या एकादशीलाबी झालंतं जवळजवळ. पोरगं दिसभर त्या डबड्याला कान लावून बसतंय. म्या म्हनते बाबा, जेव. तर म्हनतंय, गप बस आये, कुनीतरी येईल. कुनी येत न्हाई. मंग भिताडाकडं तोंड करून निजतंय. आता दोन रोज झालं, ते डबडं लावतबी न्हाई.''

ती गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, ''तुम्ही आपसात काय खेळायचं ते खेळा. पण त्या माणसाने सेट लावायचं सोडलं, तर तुमचा खांब मीच उतरवणार.'' दुसऱ्या दिवशी यंत्राचा जळलेला भाग आणायला हे रजा टाकून पुण्याला गेले, तेव्हा कळलं की लागलं होतं.

मग ठरलं की कड्या लांब करायच्या. टोकाला कापून मध्ये नळीचा तुकडा घालायचा. पोलक्याला पट्टी जोडतो तशीच युक्ती, ती मला लगेच पटली. टूलरूमच्या माणसांनी ते तुकडे असे काही बनवले की देवघरात ठेवावेत. आत बसणारी नळी बोट लावलं तर सरकावी इतकी नेमकी. रंगाचं काम ह्यांच्या दुसऱ्या एका मित्राने अंगावर घेतलं. हे मित्र कंपनीत पेंट शॉपला, मूळचे लातूरकडचे, मनाने राजा. आम्ही त्यांना पेंटवाले भाऊजीच म्हणायचो. कड्या आणि तुकडे सगळं ते घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या रविवारी जोडून, रंगवून, करडे चकचकीत करून घेऊन आले. दिसायला खांब असा झाला की समोरच्या काकूसुद्धा म्हणाल्या, आता बरा दिसतोय.

चढवला. काटा बघितला. काटा होता तिथेच. म्हणजे अँटेना लांब केलाय हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं. सकाळी वारा पडलेला असला की काटा जरा शहाण्यासारखा वागायचा, आणि दुपारी वारा सुटला की पुन्हा वेडा. एवढ्याशा गोष्टीवरून रविवारमागून रविवार गेले. माप चुकलं म्हणून उतरवला, माप बरोबर निघालं म्हणून चढवला. तार वाईट म्हणून तार बदलली. मग आळ काट्यावरच आला. दर वेळी खाली मी चहा करतेय आणि वरून आवाज, ''अगं, जरा हा दोर धर.'' एका हाताने दोर, दुसऱ्या हातात चिमटा, गॅसवर दूध. एकदा कुरडयांचा चीक तसाच पातेल्यात राहून आंबला. त्या वर्षी आमच्या घरात कुरडई झाली नाही, आणि ते दुःख मला अजून आहे.

एका रविवारी पेंटवाले भाऊजी ब्रश आणि डबा घेऊन आले. पावसाळा तोंडावर आला होता, दुसरा हात मारतो म्हणाले. खांब उतरवलेलाच होता. बाकीचे सगळे काट्याभोवती डोकी घालून बसलेले. मी चहा घेऊन वर गेले तर हे वैतागून म्हणत होते, ''सगळं नवीन केलं राव. आता राहिलं काय?''

पेंटवाले भाऊजी सहज बोलून गेले, ''काही असो, गंजायचा मात्र नाही तुमचा अँटेना. वरून तर कुणी बी रंग देतंय. म्या जोडायच्या आधी एकेक तुकडा रेड ऑक्साइडमध्ये बुडवून काढलाय. सांध्याच्या आतसुदिक. बिनऑक्साइडचा माल आमच्या शॉपमधून गेटबाहेर जातच नाही बघा.''

एकाच्या हातात बिस्कीट होतं, ते तसंच राहिलं.

हे फार हळू म्हणाले, ''सांध्याच्या आत?''

''मग? पाणी तिथंच तर शिरतंय.''

''आणि हे ॲल्युमिनियम आहे.''

''असू द्या की. नियम तो नियम.''

मला त्यातलं किती कळत होतं, पण एवढं तर ह्यांच्याबरोबर राहून कळलं होतं की धातूला धातू भिडल्याशिवाय वीज पुढे जात नाही. टूलरूमने इतक्या नेमक्या केलेल्या नळ्या, आणि त्यांच्या मध्ये रंगाचा पडदा. सांध्याचा स्क्रू कुठेकुठे रंगातून चावा घ्यायचा तेवढाच काय तो भिडायचा, आणि वाऱ्याने हललं की तोही सुटायचा. जोडलेले तुकडे नुसते शोभेला होते. आम्ही इतके आठवडे भंगारवाल्याकडून आणला तसाच आखूड अँटेना वरखाली करत होतो.

मला वाटलं, आता भांडण होणार. पण पेंटवाल्यांना काय बोलायचं? टूलरूमच्या एकालाही सांध्याच्या आत बघावंसं वाटलं नाही, कारण कंपनीत रंग होऊन आलेली वस्तू म्हणजे तयार झालेली वस्तू, ती पुन्हा कुणी उघडत नाही. सगळेच त्याच गेटातले. शेवटी पेंटवालेच म्हणाले, ''आरं मग आधी सांगायचं की. कामून गप बसलाव?'' आणि स्वतःच पॉलिश पेपर मागितला. माझ्याकडची तारेची घासणीसुद्धा गेली. संध्याकाळपर्यंत सगळे गच्चीवर मांड्या घालून नळ्या घासत होते आणि माझ्या फरशीवर तांबडी पूड. ती अजूनही पहिल्या पावसात कोपऱ्यातून वाहते असं मला वाटतं, पण हे म्हणतात भास आहे.

घासून जोडला, चढवला, आणि काटा खाली जाऊन बसला. वारा सुटला तरी हलेना. ह्यांनी मोटारसायकलवरून एकाला वाडीला पिटाळलं, सेट लाव म्हणून सांगायला. आम्ही सगळे जिन्याच्या खोलीत दाटीवाटीने उभे. बऱ्याच वेळाने खरखर झाली आणि मग भाऊजींचा आवाज, अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा. मागून मावशीचा आवाज, ''आरं, त्यास्नी इचार जेवलं का.''

हे वळून भिंतीकडे बघत उभे राहिले. पेंटवाले भाऊजी नाक पुसत म्हणाले, ''रंगाचा वास चढलाय.''

झालं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

सोमवारी सकाळी हे जनरल शिफ्टला गेले. सगळेच गेले, कारण सगळे कंपनीवालेच. मी पोळ्या करत होते. ह्यांनी स्वयंपाकघरात फळीवर ऐकण्याचा एक जुना सेट लावून ठेवला होता, रिपीटर नीट चाललाय का ते मी ऐकत राहावं म्हणून. सेटमधून भाऊजी परवान्यात सरकारने दिलेलं आपलं अक्षरांचं नाव सांगत विचारत होते, ''कोणी आहे का? कोणी ऐकतंय का?'' स्वच्छ, मोठा आवाज. सगळ्या पिंपरी-चिंचवडभर जात असणार. आणि ऐकणारं कोण? सगळे मशीनवर उभे.

थोड्या वेळाने पुन्हा, ''कोणी आहे का?''

मी फळीखाली लाटणं हातात घेऊन उभी. शेजारच्या खोलीत टेबलावर ह्यांचा बोलायचा सेट, एक बटण दाबलं की झालं. पण मला परवाना नाही. आणि बिनपरवान्याचं बोललं तर ह्यांचाही परवाना जायचा. दुपारी मी भांडी घासत असताना भाऊजींचं बोलावणं पुन्हा आलं. संध्याकाळी हे घरी येऊन सेटवर बसले तेव्हा तिकडून भाऊजी पेंगुळल्या आवाजात एवढंच म्हणाले, झोपतो आता, दिवसभर बोलावून दमलो.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. शेवटी मी ह्यांना म्हटलं, ''तुम्ही सगळ्यांनी मिळून अँटेना केला, कान केला, गळा केला. त्या माणसाशी बोलायचं कुणी, ते कुणाच्या वाट्याला दिलं होतं?''

हे म्हणाले, ''संध्याकाळी आम्ही असतोच की.''

''त्याचा दिवस संध्याकाळी सुरू होत नाही.''

ह्यावर ते म्हणाले, ''मग तू दे परीक्षा.'' मला गप्प करायला म्हणाले असतील. मी सातवीपर्यंत शिकलेली, पुस्तक इंग्रजीत. पण परीक्षेला लागणारा तो मोर्सचा कड-कट्ट संदेश इतक्या वर्षांत भिंतीपलीकडून ऐकून ऐकून माझ्या कानात होताच, फोडणी देताना डाव आपोआप तसा वाजायचा. पुस्तकातले शब्द मी डिक्शनरीतून काढले. न कळलं ते ह्यांना विचारलं आणि त्यांनी चौकोन काढायला घेतला की कागद काढून घेतला. अभ्यास करताना फळीवर भाऊजींचं बोलावणं चालूच असायचं. ''अजून नाही हो,'' असं मी मोठ्याने म्हणायची. त्यांना ऐकू जात नव्हतं, पण म्हणायची.

पास झाले. मग परवान्याच्या चौकशीला चौकीतून हवालदार आला. सगळं घर बघितलं, खांबाकडे मान वर करून बघितलं.

''बाई, तुम्हाला वायरलेस कशाला पाहिजे?''

''एकाशी बोलायचंय.''

''कुणाशी?''

''चाकणच्या पुढे एक भाऊजी आहेत त्यांच्याशी.''

''मग यष्टीनं जावा की.''

त्याला सगळी हकिकत सांगितली. त्याने चहा घेतला, पुन्हा घेतला आणि जाताना म्हणाला, ''लिहितो, वर्तणूक चांगली.'' कागद यायला मात्र कितीतरी महिने लागले. त्या महिन्यांत भाऊजींचं बोलावणं कमी होत गेलं. आधी दिवसातून कितीकदा, मग सकाळी एकदाच, मग कधी कधी तेही नाही. ज्या दिवशी सेट गप्प असायचा त्या दिवशी माझ्या हातून काम होत नसे. सरकारला काय, तिथे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद.

परवाना आला तो दुपारच्या टपालाने. हे कामावर. मी हात धुतले, पदराला पुसले, बटण दाबलं आणि माझं अक्षरांचं नाव सांगून भाऊजींचं नाव घेतलं. काही नाही. पुन्हा बोलावलं. काही नाही. त्या दिवशी मला कळलं, रिकाम्या हवेत आपलंच नाव सांगत बसणं म्हणजे काय असतं. मग खरखरलं.

''कोण? वहिनी?''

मग मी जी बोलायला लागले ती लागलेच. इतक्या महिन्यांचं साठलेलं. कुरडयांचा चीक, काकूंचा सिनेमा, हवालदार, तुम्ही मंगळवारी तीनदा बोलावलंत तेव्हा माझ्या हाताला पीठ होतं, सगळं. बोलता बोलता फळीवरच्या सेटमधून येणारा माझाच आवाज थांबला, तेव्हा लक्षात आलं की पलीकडे काहीच जात नाही. ह्यांनी रिपीटरला घड्याळ बसवलं होतं म्हणे. एकच माणूस फार वेळ बोलत राहिला की ते यंत्र आपलं आपण बंद होतं, जळू नये म्हणून. हे मला कुणी सांगायचं?

मी बटण सोडलं. यंत्र पुन्हा जागं झालं आणि भाऊजींचा आवाज आला. हसत होते. पडल्यानंतर त्यांचं हसणं मी ऐकलंच नव्हतं.

''वहिनी, हवालदार चहा पीत होता तिथपर्यंत आलं. मग काय म्हणाला तो?''